त्या वाक्यावर मी हसले

परवा रात्री ‘टू बी ऑर नॉट टू बी’ हा जुना चित्रपट पाहताना मी मोठ्याने हसले आणि अप्पा हसले नाहीत. ते काही बोललेही नाहीत. मला मात्र तेव्हापासून ते हसू टोचत आहे.

जोसेफ तुरा हा वॉर्सातला नट एका हेराचे सोंग घेऊन गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कर्नल एरहार्टसमोर बसलेला असतो. किंचित संशय आला तरी जिवावर बेतेल अशा त्या प्रसंगीही त्याला राहवत नाही आणि थोर नट तुरा आपल्या पाहण्यात आला आहे का, अशी चौकशी तो करतोच. एरहार्ट सांगतो की युद्धापूर्वी त्याला रंगमंचावर पाहिले होते; त्याने शेक्सपिअरचे जे केले, तेच आम्ही आता पोलंडचे करीत आहोत. तुराचा खर्रकन उतरलेला चेहरा पाहून मी हसले. ‘पोलंड’ हा शब्द माझ्या कानांवर पडला होता, पण मनात उतरला तो नंतर. अप्पांच्या मनात तो बहुधा लगेच उतरला असावा.

आपल्याला विनोद कळतो की केवळ त्याची वेळ साधलेली कळते, हा प्रश्न मला काल दिवसभर पुरला. चारचौघांत ज्या ठिकाणी सगळे गंभीर होतात तिथे मला हसू फुटते, आणि मग एकटीनेच त्याचा हिशेब देत बसावे लागते, असे वाटून स्वतःची फार कीव आली. मालूताईला फोन करावा असे मनात आले होते, पण ते राहूनच गेले.

1942 मध्ये हा चित्रपट आला तेव्हाही नेमके हेच वाक्य अनेकांना खुपले होते. वॉर्सा जर्मनांच्या टाचेखाली असताना त्यावर विनोद कसा करवतो, असे समीक्षकांनी विचारले. जवळच्या माणसांनी वाक्य गाळण्याचे सुचवूनही दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच बधला नाही. बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने टीकेला वृत्तपत्रातून उत्तर दिले. त्याचा आशय असा, की माझ्या चित्रपटातील नाझींना क्रौर्य हे रोजचे काम झाले आहे, आणि एखादा विक्रेता पिशवीच्या विक्रीविषयी जितक्या सहजतेने बोलेल, तितक्याच सहजतेने ते छळाविषयी बोलतात. हे वाचल्यावर मला जरा धीर आला, कारण त्या वाक्यातला विनोद एरहार्टचा आहे, त्याला स्वतःच्या विनोदबुद्धीचे कौतुक आहे, आणि त्याचे हे कौतुकच चित्रपट आपल्यासमोर उघडे पाडतो. तरीही मी हसले ते एरहार्टला की एरहार्टबरोबर, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

या चित्रपटातला खरा खट्याळपणा मोठ्या वाक्यांत नाहीच. तुरा आधी एरहार्टचे सोंग घेतो आणि बोलायला काही सुचेनासे झाले की ‘म्हणजे मला ते छळछावणीवाला एरहार्ट म्हणतात तर!’ हेच पुनःपुन्हा म्हणत राहतो. नटाची ही फजिती पाहून आपण हसतो. पुढे खरा एरहार्ट पडद्यावर येतो आणि तेच वाक्य त्याच खुशीत उच्चारतो. ज्याला आपण वाईट अभिनय समजत होतो तो हुबेहूब होता, हे चित्रपट कोणाच्याही तोंडून वदवत नाही. आपले आपल्यालाच उमगते. सत्ताधाऱ्याची भीती वाटण्याऐवजी त्याच्या पोकळ दिमाखाची कीव यावी, याहून मोठा उद्धटपणा मला युद्धपटात दिसलेला नाही. अर्थात त्या ‘छावणी’ शब्दामागे आज जे उभे आहे ते 1942 च्या प्रेक्षकांपुढे पुरते उभे नव्हते, आणि म्हणूनच त्यांचे हसू मला उसने घेता येत नाही.

तुराच्या बायकोचे काम करणारी कॅरोल लोम्बार्ड तर प्रदर्शनापूर्वीच विमान अपघातात गेली. तिच्याकडे पाहताना हसू कुठे ठेवावे हे कळत नाही.

तुरा रंगवणारा जॅक बेनी आपल्या वडिलांची एक आठवण सांगत असे. मुलगा नाझी गणवेशात सलाम ठोकताना दिसताच ते चित्रपटगृहातून उठून निघून गेले होते, आणि त्याने सारे समजावून सांगितल्यावरच पुन्हा पाहायला गेले. मला ते उठून जाणे पटते आणि परत येऊन बसणेही पटते. एकाच घरातली दोन माणसे एकाच वाक्यावर दोन ठिकाणी असू शकतात. त्यात अप्पांची संवेदना खरी आणि माझी खोटी असे ठरत नाही, हे आज सकाळपासून मला हळूहळू पटू लागले आहे.

ग्रीनबर्गच्या प्रसंगात मात्र आम्ही दोघेही गप्प होतो. आयुष्यभर भाला धरून मागे उभा राहिलेला हा नट शेक्सपिअरच्या नाटकातल्या ज्यू सावकाराचे, शायलॉकचे भाषण आधी विंगेत म्हणतो, मग उद्ध्वस्त शहरात म्हणतो आणि शेवटी बंदूकधाऱ्यांच्या गराड्यात, खोट्या हिटलरसमोर म्हणतो. ‘ज्यू’ हा शब्द वगळून केवळ ‘आम्ही’ म्हणतो. आधीच्या साऱ्या थट्टेने आपला पहारा सैल झालेला असतो, म्हणून ते थेट आत जाते. ही जागा लुबिचने हसवूनच तयार केली आहे.

अगदी शेवटी तुरा इंग्लंडमध्ये पुन्हा हॅम्लेट करतो, पुन्हा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ या स्वगताला तोंड फोडतो आणि, चित्रपटाच्या सुरुवातीला घडले होते तसाच, प्रेक्षकांतून आणखी एक तरुण अधिकारी उठून चालू लागतो. जग पेटलेले आहे, पण तुराला बोच आहे ती या एका उठलेल्या प्रेक्षकाची. तिथे मी पुन्हा हसले आणि त्या हसण्याबद्दल मला काहीही वाईट वाटले नाही.