चार पोरं, एक होडी आणि ट्रायलोबाइट

भाच्याला डायनोसॉर हवे होते, मी लावला कारेल झेमन यांचा १९५५ चा चेक सिनेमा, 'त्सेस्ता दो प्राव्येकु'. चार पोरं होडीतून निघतात आणि नदी त्यांना काळात मागे मागे नेते. आधी मॅमथ, मग डायनोसॉर, शेवटी आदिम समुद्र. का, तर धाकट्या यिर्काला जिवंत ट्रायलोबाइट, म्हणजे कवचवाला, कधीच नामशेष झालेला समुद्री प्राणी, बघायचाय! (आम्हाला डिसेंबरात पर्वतीवर जायचं तरी आई स्वेटर घालायला लावायची.)

बाहुल्या आणि मॉडेल एकेक फ्रेम सरकवत हलवलीत. आदिम प्राण्यांची चित्रं काढणारे चेक चित्रकार झ्देन्येक बुरियान यांची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून केलेलं काम. त्या स्टेगोसॉरसला वजन आहे. हल्लीचे चकचकीत प्राणी जमिनीला टेकतच नाहीत, असं माझं ठाम मत. मधे मधे पोरं शाळेच्या तासासारखी माहिती देतात, तेवढं सोसावं.

"मावशी, मुठेतून गेलो तर भेटेल ट्रायलोबाइट?"

म्हटलं, अरे, पुण्याचा हा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ट्रायलोबाइट त्याच्या कितीतरी आधी, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच संपले.

"मग खाली खणायचं ना!"