चिपेरोनीतले पाहुणे

आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून चालल्यामुळे आमच्याकडे मलावीला राहायला येणाऱ्या मुलांच्या बॅगांत सुती टी-शर्ट, गॉगल आणि सनस्क्रीनच्या तीन बाटल्या होत्या. लेकीने एक मोठ्ठी टोपीही घेतली होती. स्वेटर मात्र एकही नाही. मी फोनवर चारदा सांगितलं होतं, "अगं, जुलैत इथे थंडी असते, विषुववृत्ताच्या खाली आहोत आम्ही." त्यावर ती म्हणाली, "मम्मी, तुला पुण्यात ऑक्टोबरातही थंडी वाजते."

ब्लँटायर शहराच्या चिलेका विमानतळावर दोघं उतरली तेव्हा चक्क ऊन पडलेलं. म्हटलं, आता मीच तोंडघशी पडणार. पण ब्लँटायर मागे टाकून आमच्या मुलांजेच्या वाटेला लागलो, चहाचे मळे सुरू झाले, तसे ढग खाली उतरले. चिपेरोनी हे खरं तर पलीकडे मोझांबिकमधल्या एका डोंगराचं नाव. तिकडून येणाऱ्या गार धुक्याला आणि भुरभुर पावसालाही इथले लोक चिपेरोनीच म्हणतात. आला की दोन-तीन दिवस हलत नाही. लेक हीटर लावायला सांगत होती, आमच्याकडे हीटरच नाही. ह्यांचा स्वेटर तिला गेला, माझी शाल मुलाला, आणि आम्ही दोघं चादरी पांघरून बसलो. आमच्या घरामागे ३,००२ मीटरचं सापित्वा शिखर आहे. पहिले चार दिवस मुलांना ते दिसलंच नाही. "पप्पा, डोंगर नक्की आहे ना?" मुलाने विचारलं. ह्यांनी लगेच बायबलमधलं इब्री ११:१ ऐकवलं, न दिसणाऱ्या गोष्टींची खात्री म्हणजे विश्वास. निवृत्त गणित शिक्षकाला प्रश्न विचारू नये, उत्तर मिळतंच.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी मिरजेत ३१ वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. निवृत्तीनंतर लोक फ्लॅट घेतात, आम्ही मलावी घेतलं. दोन वर्षांची सेवा, इथल्या मिशन हॉस्पिटलात विद्यार्थी नर्सना वॉर्डात शिकवायचं. हे शाळेत गणित घेतात आणि उरलेल्या वेळात दिसेल ते दुरुस्त करतात. मुलं आली तेव्हा १४ महिने झाले होते. निघताना मुलगा एअरपोर्टवर माझ्याशी धड बोललाही नव्हता. "या वयात, पप्पांची शुगर असताना?" एवढंच म्हणाला होता.

त्यामुळे ही भेट नुसती भेट नाही, तपासणी आहे, हे मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्याने फ्रिज उघडून इन्सुलिन कुठे ठेवलंय ते बघितलं. "लाइट गेली की काय करता?" मी मातीचा माठ दाखवला. त्याने त्यात हात घालून बघितला. माझा हा मुलगा दुबईत एसीची कामं बघतो, त्याचा माठावर विश्वास बसायला वेळ लागणारच.

गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आमची आजी नगर जिल्ह्यात मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. अमेरिकन मडमबाईंची मुलं दूर कोडाईकनालला शिकायला असत. तिथली शाळा १९०१ साली अशाच मिशनरी मुलांसाठी निघाली होती. मुलं सुटीला यायची म्हणून मडम आठवडाभर केक भाजायची, आणि मुलं आली की तिला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही, असं आजी सांगायची. सुटी संपवून मुलं गेली की मडम दोन दिवस घरातले सगळे पडदे धुवायला काढायची. आजीला त्याचा भारी राग, कारण पडदे आजीलाच धुवावे लागत. आता बंगल्यात मी आहे, आणि पडदे धुवायला आजी नाही.

मला दहा दिवसांत चारच दिवस रजा होती. हे मी मुलांना तिकीट काढायच्या आधी सांगायला हवं होतं. चूक माझी. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला मी युनिफॉर्म घालून निघाले तर लेक स्वयंपाकघरात उभी. "अद्दीस अबाबात सहा तास बाकावर बसून आलो आम्ही, मम्मी. तू एक दिवस नाही थांबू शकत?" मी म्हटलं, आज मुलींची प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. ती म्हणाली, "माझ्या दहावीच्या परीक्षेलाही तू नाइट ड्यूटीलाच होतीस." यावर काय बोलणार? खरं होतं. मी छत्री घेतली आणि गेले. वाटेत रडले थोडी. चिपेरोनीचा एक फायदा, चेहरा आधीच ओला असतो.

दुपारी वॉर्डातून बाहेर आले तर लेक हॉस्पिटलच्या मागच्या शेडमध्ये बसलेली. इथे पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं, आणि ही माणसं त्या शेडमध्ये चुली मांडून आपल्या पेशंटचं जेवण रांधतात. लेक मला बघायला आली होती, वॉर्डात सोडलं नाही, म्हणून तिथे टेकली. एका बाईने तिच्या जीन्सवरून चितेंजे गुंडाळून दिलं होतं, दोन मीटरचं छापील कापड, आणि हातात लांब लाकडी उलथनं. ती न्सिमा घोटत होती! न्सिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आपल्या उकडीला दोन हात लागतात, याला खांदे लागतात. पीठ घट्ट होत जातं, उलथनं अडतं, आणि भोवतालच्या बायका "आणखी, आणखी" अशा खुणा करून हसतात. बाजूला भोपळ्याचा पाला शिजत होता, त्यात न्सिंजिरो पडलं.

"मम्मी, हे दाण्याचं कूट आहे!"

आहेच. इथे आल्यावर मला पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं ते त्या कुटानेच. मी तिला हे कितीदा लिहिलं होतं, पण लिहिलेलं आणि तोंडात पडलेलं वेगळं. जेवायच्या आधी एका मुलीने तांब्यातून तिच्या हातावर पाणी घातलं, खाली घमेलं धरलं. बायका मला "मायी" म्हणतात, म्हणजे आईच. लेक आधी मनावर न घेता ऐकत होती. मग तिने विचारलं, "सगळ्याच तुला मायी म्हणतात?" मी म्हटलं, इथे प्रत्येक मोठ्या बाईला म्हणतात गं. "हं," म्हणाली. सकाळच्या भांडणाबद्दल ती बोलली नाही आणि मीही नाही.

ब्लँटायरला एक दिवस गेलो, सेंट मायकल अँड ऑल एंजल्स देऊळ दाखवायला. १८८८ ते १८९१ मध्ये डेव्हिड क्लेमेंट स्कॉट या स्कॉटिश मिशनऱ्याने वास्तुकलेचं शिक्षण नसताना इथल्या माणसांना घेऊन ते बांधलं. मुलाने विटा हाताने चाचपून बघितल्या आणि "पप्पा, तुमचं गच्चीचं काम यांना द्यायला हवं होतं," म्हणाला. रविवारी इथल्या देवळातली उपासना तीन तास चालली. पाहुण्यांना उभं करून ओळख करून द्यायची असते. "ही माझी मुलं," इतकी इथली चिचेवा भाषा मला येते. मंडळीने टाळ्या वाजवल्या. अर्पणाच्या वेळी लोक गात, नाचत पुढे निघाले, तेव्हा मुलगाही जागेवरून उठला. नाचला नाही, पण चालला.

शेवटच्या रात्री लाइट गेली. म्बाउला, म्हणजे आपली कोळशाची शेगडी, दाराशी पेटवून चौघं बसलो. धूर आत येऊ नये म्हणून दार उघडं, आणि दार उघडं म्हणून थंडी आत. लेकीने आणलेलं मेतकूट चार दिवसांतच संपलं होतं. इथला किलोंबेरो तांदूळ सुवासिक, आंबेमोहोराच्या भावकीतला; त्याच्यावर मेतकूट म्हणजे काय विचारता! मुलगा बराच वेळ निखाऱ्याकडे बघत होता.

"पप्पांची शुगर बरी आहे," तो म्हणाला. "चालतात भरपूर, म्हणून असेल."

"आणि मी?"

"तुझं काही सांगता येत नाही."

"दहा महिने राहिलेत रे."

"माहीत आहे. मी मोजतोय." मग त्याने ह्यांना विचारलं की माठ नेमका कुठल्या बाजारात मिळतो.

सकाळी ऊन पडलं आणि सापित्वा पूर्ण दिसला, अर्थात गाडीत बॅगा चढवताना. लेकीने टोपी घातली, फोटो काढला, आणि टोपी इथेच ठेवून गेली.

परत आल्यावर मी दोन्ही पलंगांच्या चादरी, उशांचे अभ्रे, शाल, ह्यांचा स्वेटर, सगळं धुवायला काढलं. हे म्हणाले, "अहो, ऊन तर बघा, उद्या पुन्हा ढग येतील." आले. आज चौथा दिवस. दोरीवर जागा नाही, चादरी खुर्च्यांवर, दारांवर, जेवणाच्या टेबलावर पसरल्यात, आणि आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवतोय.