चूक त्याची, बंपर माझा

मागच्या हिवाळ्यात इथे मिशिगनमधल्या नोव्हायला सिग्नलवर लाल दिवा म्हणून शांतपणे उभा होतो आणि मागून एक पिकअप बर्फावरून घसरत घसरत आला आणि बसला की हो येऊन. आरशात दिसत होता येताना, पण करणार काय, पुढे गाडी आणि मागे हा. उतरून बघतो तर माझ्या जुन्या कोरोलाचा बंपर लोंबतोय, डिकी उघडेना. पिकअपवाला भला माणूस निघाला, सॉरी सॉरी चालू होतं त्याचं, पोलिसानं रिपोर्टमध्ये चूक पण त्याचीच लिहिली. म्हटलं चला, याचा इन्शुरन्स देईल सगळं, आपल्याला काय.

कसलं काय. एजंट म्हणाला, मिशिगन नो-फॉल्ट स्टेट आहे, तुझ्या गाडीचं तुझं तू बघायचं, कोलिजन (आपल्याच गाडीच्या ठोक्याचं कव्हर) आहे ना? नव्हतं! बारा वर्षांच्या गाडीवर कशाला म्हणून हप्ता वाचवायला मीच काढून टाकलेलं.

बाबांना पुण्याला फोनवर सांगितलं तर ते भडकलेच, "म्हणजे ठोकणारा मोकळा? आपल्याकडे त्याला चौकात धरला असता." मलाही तेव्हा तसंच वाटत होतं, पण मग सगळं वाचून काढलं.

नो-फॉल्ट म्हणजे कोणाचीच चूक नाही असं नाही. १९७३ पासूनचा हा कायदा आहे मुख्यतः माणसाच्या शरीरासाठी. चूक कोणाची ते ठरेपर्यंत हॉस्पिटलचं बिल थांबत नाही, म्हणून तुमच्या जखमेचे पैसे आधी तुमचाच इन्शुरन्स देतो, त्याला पीआयपी म्हणतात. त्यात पगार बुडला तर ८५ टक्क्यांपर्यंत (वर दर महिन्याची मर्यादा आहेच) तीन वर्षं, घरकामाला माणूस ठेवला तर दिवसाला २० डॉलरपर्यंत. माझी मान आखडली होती, एक्सरे काढला, फिजिओकडे चार चकरा झाल्या, बिलं माझ्या कंपनीकडे गेली आणि चूक कोणाची हे कोणी विचारलंसुद्धा नाही. हे मात्र मानलं. पूर्वी हे कव्हर सगळ्यांना अमर्याद घ्यावंच लागायचं, जुलै २०२० पासून अडीच लाख, पाच लाख डॉलर असे पर्याय आलेत आणि आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक स्वस्त म्हणून खालचा पर्याय टिकमार्क करून मोकळे होतात. मी अमर्यादच ठेवलंय, घरात कमावणारा मी एकटा.

आता पत्र्याचं. समोरच्याकडून गाडीच्या नुकसानीचे जास्तीत जास्त ३,००० डॉलर मिळतात, त्याला मिनी-टॉर्ट म्हणतात, आधी तर १,०००च होते. तुमची अर्ध्याहून जास्त चूक असेल तर तेही नाही. गॅरेजवाल्याचा आकडा होता ३,६४०, म्हणजे वरचे ६४० माझ्या खिशातून.

खरी गंमत पुढे. इथल्या पॉलिसीत दहा लाख डॉलरचं पीपीआय नावाचं कव्हर सक्तीचं असतं, ते तुम्ही कोणाचं कुंपण, घर, दुकान पाडलं तर भरतं, आणि नीट पार्क केलेली गाडी पण त्यातच येते. म्हणजे माझी कोरोला सिग्नलऐवजी शेजारच्या पार्किंगमध्ये उभी असती तर त्याच्याच इन्शुरन्सनं पूर्ण भरलं असतं! मी ब्रेकवर पाय ठेवून उभा होतो हाच काय तो गुन्हा.

बाबांना हे ऐकवलं तर म्हणे असले कायदे तिकडेच. म्हटलं आपल्याकडे पण आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १६४, मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक सिद्ध करायची गरज नाही. त्यावर जरा गप्प झाले, मग म्हणाले, "आणि बंपरचं?"

रिन्यूअलला ब्रॉड कोलिजनचा कोट मागवला, त्यात आपली चूक अर्ध्याहून जास्त नसेल तर डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, माफ असतो. आकडा बघितला आणि गाडीकडे बघितलं. नवीन बंपर थोडा वेगळ्याच करड्या रंगाचा आलाय, उन्हात लगेच कळतं.