घडी मोडायचा मान

नाताळच्या मेळाव्याचा विषय निघाला की शाळेतल्या बहुतेकांना गाणी आठवतात, नाटुकलं आठवतं, पुठ्ठ्याचे पंख सावरत उभी असलेली देवदूतांची रांग आठवते. मला खळीचा वास आठवतो. ओलसर सुती कापडावरून गरम इस्त्री फिरली की येतो तो, थोडा शिजल्यासारखा, थोडा करपल्यासारखा.

नॅपकिनच्या कामावर मी हौसेने गेलो नव्हतो. 6वीत असताना मी बाकं सरकवणाऱ्या टोळीत होतो. तिथे खुर्च्यांची आगगाडी करून हॉलभर फिरवल्याबद्दल माझी उचलबांगडी झाली आणि शिवणाच्या बाईंच्या ताब्यात देण्यात आलं. शिक्षा एका दुपारची होती. पुढची पाच वर्षं मी त्या खोलीतून हललो नाही.

मेळाव्याचं टेबल म्हणजे जोडून ठेवलेली बाकं आणि त्यावर पांढऱ्या चादरी. एका ओळीत 16 जण, अशा 6 ओळी. म्हणजे 96 नॅपकिन, निम्मे हिरवे, निम्मे पांढरे, सगळे सुती. कागदी आणले असते तर इस्त्रीचा सगळा व्याप वाचला असता, पण बाई कागदाला हात लावत नसत. कागदावर चुकीची घडी पडली की ती काही केल्या जात नाही. कापडावर पाण्याचा हात फिरवायचा, पुन्हा इस्त्री मारायची, पाटी कोरी. आमच्यासारखी मुलं हाताखाली असताना त्यांना हा गुण मोठा वाटत असणार.

पहिलं काम चौकोन तपासण्याचं. प्रत्येक नॅपकिन कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरका दुमडायचा आणि कडा जुळतात का बघायच्या. निम्म्यांच्या तरी जुळत नसत. कापड धुतलं की उभा धागा आणि आडवा धागा सारखेच आटत नाहीत, त्यामुळे दुकानातून चौरस आलेला नॅपकिन दोन-चार धुण्यांत नकळत लांबट होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण घडी ताबडतोब चुगली करते. असे वाकडे नॅपकिन बाजूला काढून त्यांच्या मेणबत्त्या करायच्या. मेणबत्तीसाठी तिरकी घडी घालून त्रिकोण करतात, लांब बाजूला दोन बोटं रुंद पट्टी दुमडतात, कापड पालथं घालून एका टोकापासून घट्ट गुंडाळत जातात आणि शेवटचं टोक त्या पट्टीत खोचतात. थोडाफार वाकडेपणा गुंडाळीच्या पोटात जातो.

मग खळ. कॉर्नफ्लॉर आधी गार पाण्यात कालवायचं, नंतर उकळत्या पाण्यात सोडायचं आणि ढवळत राहायचं. आधी गार पाण्यात कालवलं नाही तर गुठळ्या होतात आणि इस्त्रीखाली त्यांचे पिवळे डाग पडतात. नॅपकिन बुडवायचे, पिळायचे आणि पुरते वाळायच्या आत इस्त्री करायचे. पार वाळलेल्या कापडावर कितीही जोर लावला तरी घडी मनासारखी बसत नाही. ओलसर असताना दाबली आणि तिथेच वाळवली की तिची धार संध्याकाळपर्यंत टिकते. इस्त्री बाईंच्याच हातात असे. आमच्या हाती घड्या.

पांढऱ्यांच्या बिशपच्या टोप्या व्हायच्या. दोन बाजूंचे कोपरे मागे नेऊन एकमेकांत अडकवायचे, बुडात बोटं घालून गोल करायचं आणि उभं करायचं. दिसते भारदस्त, पण करायला सोपी. खरा कस लागायचा तो हिरव्या झाडाला.

झाड मी अजूनही डोळे मिटून करू शकतो, निदान मला तसं वाटायचं. नॅपकिनची चार पदरी चौकोनी घडी घालायची आणि ज्या कोपऱ्याला चारही पदर सुटे असतात तो आपल्याकडे करून ठेवायचा. वरचा पदर उचलून त्याचं टोक वरच्या कोपऱ्याच्या जरा अलीकडे आणायचं. दुसरा त्याच्या बोटभर खाली, तिसरा आणखी बोटभर खाली, मग चौथा. हे बोटभर अंतर ज्याच्या त्याच्या बोटावर ठरायचं, त्यामुळे धाकट्यांची झाडं दाट आणि मोठ्यांची विरळ. मग सगळं धरून पालथं करायचं, डावी आणि उजवी बाजू मध्यावर आणायची, पुन्हा उलथं करून निमुळतं टोक वर फिरवायचं. आता चारही टोकं खाली लोंबत असतात. एकेक टोक वर उचलून त्याच्या वरच्या पदराखाली खोचत गेलं की चार फांद्यांचं झाड उभं राहतं. हे खोचणं हलक्या हाताने करावं लागतं. जोर केला की वरची फांदी सुटते, ती नीट करायला जावं तर खालची. एका झाडावर दहा मिनिटं घालवून रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि पहिल्या वर्षी त्यांच्यात मीही होतो.

शाळा सुटल्यावर कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की इटलीत एके काळी हे मोठ्या मानाचं कसब होतं. मात्तिया जेगेर नावाच्या कारागिराने 1629 साली पादुआत छापलेल्या ग्रंथाचा एक आख्खा भाग कापडाच्या घड्यांना दिला आहे. माशाच्या काट्यासारख्या तिरक्या बारीक चुण्या घालून ताठ केलेल्या कापडातून तो पक्षी, मासे, जहाजं आणि किल्ले उभे करायचा. ते मेजवानीच्या टेबलावर बघण्यासाठी ठेवलेले असत, हात पुसायला नव्हेत. हे वाचून मला त्या माणसाचा थोडा हेवा वाटला. त्याच्या किल्ल्याला कोणी हात लावत नव्हतं. आमची झाडं मात्र मेळावा सुरू होताच मोडायची.

आणि ती मोडायचीही एक रीत होती. नव्या कपड्याची घडी मोडतात तशीच बाईंच्या लेखी ही घडी मोडणं होतं. सगळे बसले, दिवे लागले तरी नॅपकिनला कोणी हात लावायचा नाही. त्या वर्षी बाई ज्याचं नाव घेतील त्याने आधी आपला नॅपकिन उलगडायचा, मग बाकीच्यांनी. हा मान कधी पाण्याचे जग वाहणाऱ्या शिपाईमामांना मिळायचा, कधी वर्षाच्या मध्यात शाळेत आलेल्या एखाद्या बुजऱ्या मुलाला. नाटकात मुख्य काम करणाऱ्यांना माझ्या आठवणीत एकदाही मिळाला नाही, आणि त्यावरून त्यांच्या पालकांत कुजबुज व्हायची.

एका वर्षी बाईंनी पहिलीतल्या एका मुलीचं नाव घेतलं. ती उठली, समोरचं झाड दोन्ही हातांनी उचललं आणि ते मांडीवर घेऊन परत बसली. हॉल थांबला. "मोड गं," बाई म्हणाल्या. तिने मान हलवली. "अगं, मोडायचंच असतं ते." तिने आणखी जोरात मान हलवली आणि झाड फ्रॉकच्या घेरात लपवलं. मागून हसू फुटायला लागलं, तेव्हा बाईंनी शिपाईमामांकडे नुसतं पाहिलं. मामांनी आपली टोपी उलगडली आणि मेळावा एकदाचा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मोजले तर नॅपकिन 95. सुट्टी संपल्यावर शहाण्णवावा परत आला तो झाड म्हणूनच. चारही फांद्या जागच्या जागी होत्या, वर सुटू नये म्हणून मागून टाचणी लावलेली. बाईंनी तो कपाटात तसाच ठेवला आणि पुढच्या वर्षी 95 वरच भागवलं. एक पाहुणा कमी धरायचा, म्हणाल्या.

फजितीही झाली. कोणीतरी प्रेमाने लाल चकचकीत पॉलिस्टरचे नवे नॅपकिन दिले, आणि देणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून तेच वापरायचं ठरलं. त्यांना खळ धरेना, घडी बसेना. टोप्या उभ्या केल्या की आपल्या आपण पाय फाकवून खाली बसत. आम्ही नेटाने पन्नासेक उभ्या केल्या. तेवढ्यात मागचं दार उघडलं, वाऱ्याचा झोत आला आणि पहिली ओळ झोपली, तिच्यामागून दुसरी. आम्ही बाईंच्या तोंडाकडे बघायला लागलो. "उभं राहायचं नाही ना त्यांना? मग निजू द्या," एवढंच म्हणून त्यांनी एक नॅपकिन घेतला, सपाट दुमडून त्याचा खिसा केला आणि त्यात काटा-चमचा सरकवला. अर्ध्या तासात 96 खिसे तयार. लोकांना ते फार आवडले. मला आजही आवडत नाहीत.

एवढ्यात एका मेळाव्याला माजी विद्यार्थी म्हणून जाणं झालं. बाई आता नाहीत. खोली तीच, वास तोच. मी मोठ्या तोऱ्यात हिरवा नॅपकिन ओढला, चारही पदर वर नेले आणि लगेच टोकं खोचायला गेलो. शेजारचा मुलगा थोडा वेळ बघत राहिला. मग न राहवून म्हणाला, "काका, आधी पालथं करा." केलं. तरी माझं झाड त्याच्या झाडापेक्षा विरळ झालं ते झालंच.

संध्याकाळी आम्ही ते मांडत गेलो. एक हिरवं, एक पांढरं. मांडून झालं तेव्हा मुलं कपडे बदलायला पळाली होती, दिवे लागायचे होते आणि हॉलमध्ये मी एकटाच होतो. मेळाव्यातली मला सगळ्यात आवडणारी वेळ हीच, कोणीही यायच्या आधीची. शेवटच्या ओळीतलं एक झाड कललेलं दिसलं. माझंच होतं. जाऊन त्याची खालची फांदी पुन्हा खोचली, तोवर बाहेर चपलांचे आवाज यायला लागले होते.