विशेष विवाह कायद्यान्वये लग्न: नागपुरातील माझा अनुभव

माझे कुटुंब इंदोऱ्यातील बौद्ध आणि माझे पती मोहननगरमधील ख्रिस्ती. लग्नासाठी दोघांपैकी कोणीही धर्म बदलायचा नाही, हे आमचे पक्के होते. म्हणून आम्ही 1954च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग निवडला. संविधानाच्या 25व्या अनुच्छेदाने दिलेले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य जोडीदार निवडतानाही अबाधित राहिले पाहिजे, असे मी मनापासून मानते.

दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात सलग किमान 30 दिवस वास्तव्य असले, की विवाह अधिकाऱ्यांकडे नोटीस देता येते. वयाचे आणि रहिवासाचे पुरावे जोडून ती देण्यात काहीच अडचण आली नाही. अवघड गेले ते आक्षेपांसाठी राखून ठेवलेले पुढचे 30 दिवस. आमची नावे, वय, व्यवसाय आणि घरचे पत्ते असलेला कागद सूचनाफलकावर लागला, तेव्हा एक अनोळखी गृहस्थ फलकावरच्या सगळ्या नोटिसांचे मोबाईलवर एकेक करून फोटो काढत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला आहे. अशी नोटीस लावणे जोडप्याच्या इच्छेवर सोडावे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले. मात्र तो निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नसल्याने आपल्याकडे नोटीस लागतेच.

आमच्या लग्नाची बातमी नातेवाइकांपर्यंत पोहोचली आणि माझे मोठे बाबा आक्षेप नोंदवायला कार्यालयात गेले. घरच्यांची संमती नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अधिकाऱ्यांनी त्यांना बसवून घेतले आणि शांतपणे विचारले, "कलम 4 मधील कोणत्या अटीचा भंग होतो, ते सांगा." आधीचा जोडीदार हयात असणे, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणे, वराचे वय 21 किंवा वधूचे 18 पूर्ण नसणे आणि लग्नासाठी निषिद्ध मानलेले जवळचे नाते, याच मुद्द्यांवर आक्षेप घेता येतो, आईवडिलांच्या नापसंतीचा त्यात उल्लेखही नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परांची निवड केल्यावर कुटुंबाची किंवा समाजाची संमती आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलेच आहे. मोठ्या बाबांनी लेखी काही दिले नाही. त्यांचा राग मी समजू शकते, परंतु त्या रागाला कायद्याने नकाराधिकार दिलेला नाही, याचे मला फार मोठे बळ वाटले.

मुदत संपल्यावर तीन साक्षीदारांसमोर आम्ही घोषणापत्रावर सह्या केल्या आणि प्रमाणपत्र मिळाले. नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न न लागल्यास सारी प्रक्रिया नव्याने करावी लागते, म्हणून साक्षीदारांच्या सवडीची खात्री आधीच करून घ्यावी. कलम 19 नुसार अविभक्त कुटुंबातील हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने या चार धर्मांबाहेरील व्यक्तीशी असा विवाह केल्यास ती त्या कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानले जाते. वडिलोपार्जित मालमत्तेचा प्रश्न असेल, त्यांनी नोटीस देण्यापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा. नोटीस जाहीरपणे लावण्याची तरतूद मात्र संसदेने रद्द करावी, कारण विरोध असलेल्या घरातून बाहेर पडलेल्या मुलीचा पत्ता फलकावर झळकणे तिच्या जिवावर बेतू शकते.