भुशी ते आळंदी: इंद्रायणीकाठची क्षेत्रभेट

श्रावणातल्या रविवारी पुणे-लोणावळा लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळणं अवघड. आम्ही एम.ए. भूगोलाचे विद्यार्थी काचेच्या बाटल्यांची पेटी, दोरी, मोजपट्टी आणि प्रश्नावल्यांचे गठ्ठे सांभाळत दाराजवळ उभे होतो. आजूबाजूची बहुतेक मंडळी भुशी डॅमला भिजायला निघालेली. आम्हीही तिथेच चाललो होतो. पर्यटनामुळे इंद्रायणीचं नेमकं काय होतं, हा आमच्या प्रकल्पाचा विषय होता आणि त्यासाठी मॅडमनी एकाच नदीवर दोन ऋतूंत, त्याच त्या जागी नमुने घ्यायला सांगितलं होतं.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि सुमारे 100 किलोमीटर वाहून तुळापूरला भीमेला मिळते. भुशीचं धरण तिच्या अगदी वरच्या भागात, रेल्वेने आपल्या पाण्याच्या गरजेसाठी इंग्रजांच्या काळात बांधलेलं. धरण भरलं की पाणी पायऱ्यांवरून ओसंडतं आणि त्या पायऱ्यांवर माणसं बसतात.

आम्ही गर्दीच्या खालच्या अंगाला काठावर एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी आखल्या आणि त्यातला कचरा वेगळा करून मोजला. कुरकुऱ्यांची पाकिटं, कागदी कप, मक्याच्या कणसांचे बुरकुंडे, चपलांचे तुटलेले अंगठे, दारूच्या बाटल्यांच्या काचा. कणसं कुजून जातील. पण कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो तसाच राहतो. तिथे भजी-मॅगीची टपरी चालवणाऱ्या मावशींना विचारलं, कचरा कोण उचलतं? म्हणाल्या, “आम्हीच की. धंदा करायचा तर जागा झाडावी लागती. पर बाळा, रविवारी येऊन काय बघणार? बुधवारी ये, म्हंजी नदी दिसंल.” त्यांच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा याच तीन-चार महिन्यांत येतो. पर्यटन बंद करा असं अहवालात लिहिणं सोपं आहे, पण मावशींशी बोलल्यावर मला ते लिहिता येणार नव्हतं.

मग पाणी. घाण कुजताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन खर्च होतो, म्हणून तो मोजायचा. त्याची विंकलर पद्धत मला फार आवडते, कारण तिचा पहिला निकाल नदीकाठीच डोळ्यांना दिसतो. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड, बूच लावून उलटसुलट हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. भुशीच्या खाली आमची बाटली गडद तपकिरी झाली. एवढा कचरा, एवढी माणसं, आणि तरी! मॅडम म्हणाल्या, पायऱ्यांवरून फेसाळत उतरणारं पाणी हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, आणि धो धो पावसात नदीचं पोटही मोठं असतं. डोळ्यांना सगळ्यात घाण दिसलेली जागा रसायनाच्या हिशेबात चांगली निघाली. आमच्या गटात यावर लोकल येईपर्यंत वाद चालला होता.

लोणावळ्यातच वळवणचं टाटांचं धरण आहे. इंद्रायणीचं तिथे साठलेलं पाणी वीज तयार करण्यासाठी घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जातं. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या नदीच्या माथ्यावरचं पाणी पश्चिमेला, कोकणात वळतं. नकाशावर हे पूर्वी पाहिलं होतं. पण खाली देहू-आळंदीत हिवाळ्यात नदी इतकी रोड का होते, यामागचं एक कारण इथे आहे, हे काठाने चालताना पटलं.

पुढे मळवली, कामशेत, वडगाव. भातखाचरं हिरवीगार. इंद्रायणी तांदूळ याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला. खाचरांच्या मधोमध आता सेकंड होमचे फलक आणि भाड्याने मिळणारे बंगले. त्यांच्या तरणतलावांचं पाणी आणि सेप्टिक टँकचा निचरा कुठे जातो, हा प्रश्न आम्ही प्रश्नावलीत घातला होता. बहुतेक ठिकाणी राखणदारांना तो माहीत नव्हता आणि मालक मुंबईत होते. पर्यटनाचा मोठा परिणाम मला इथे वाटतो, भुशीच्या पायऱ्यांवर नाही. कप उचलता येतो. जमिनीत मुरणारं मैलापाणी कुणाच्या चौकटीत मोजलं जात नाही.

बेगडेवाडीला उतरून कुंडमळ्याला गेलो. बेसॉल्टच्या पात्रात पाण्याने दगडगोटे गरगर फिरवून खोदलेली कुंडं आहेत, भूरूपशास्त्राच्या वर्गात फळ्यावर काढतात तशीच. इथला जुना लोखंडी साकव 15 जून 2025 रोजी, रविवारी, पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि 4 जणांचा जीव गेला. तो गावकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी होता, पाऊस बघायला येणाऱ्या शेकडो लोकांसाठी नव्हे. धारणक्षमता, म्हणजे एखादी जागा किती माणसं पेलू शकते, हा शब्द आम्ही परीक्षेत व्याख्येसकट लिहितो. तिथे उभं राहिल्यावर कुणीच वहीत काही लिहीत नव्हतं.

दुसरी फेरी आळंदीच्या कार्तिकीला. कार्तिक वद्य एकादशी, माउलींच्या समाधी सोहळ्याचे दिवस. घाटावर टाळ-मृदंग, गळ्यात तुळशीमाळा, पायाखाली ओली चिकट फरशी. आणि बंधाऱ्याच्या खाली पांढरा फेस, वाऱ्याने त्याचे तुकडे उडत होते. साबण-डिटर्जंट आणि कारखान्यांचं सांडपाणी यांतले फेस धरणारे पदार्थ पाण्यात असले की उंचावरून पडताना पाणी घुसळलं जातं आणि फेस साचतो. भुशीला ज्या पडण्याने पाण्यात ऑक्सिजन मिसळत होता, तेच पडणं इथे फेस वर आणत होतं. वरच्या बाजूला जलपर्णीचा गालिचा, तोही सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेला.

बाटली भरली, रसायनं घातली, हलवली. साका बराच वेळ पांढरट राहिला, मग जेमतेम पिवळसर झाला. पावसाळ्यात याच घाटावरची बाटली तपकिरी होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानासाठीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, 3 मिलिग्रॅमपर्यंतच. त्या घाटावर हजारो लोक बुडी मारत होते.

परभणीकडच्या एका आजोबांनी प्लास्टिकची बाटली भरून घेतली. मी म्हटलं, “माउली, हे पाणी तोंडात घेऊ नका.” ते म्हणाले, “मी न्हाई घेत. घरी म्हातारी हाय, तिला चालवत न्हाई. तिला तीर्थ न्यायचंय माय, दुसरं कुठलं नेऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नदीकाठी वसलेल्या आळंदीलाच पिण्याचं पाणी भामा आसखेड धरणातून आणावं लागतं, हे त्यांना सांगवेना.

दोन्ही फेऱ्यांची टिपणं शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट मला ठळक दिसली. लोणावळ्याचा पर्यटक येतो तेव्हा नदी भरलेली असते, त्याने टाकलेलं सगळं पुढे वाहून जातं आणि त्याला कधी दिसत नाही. वारकरी कार्तिकीला येतो तेव्हा ओघ आटलेला असतो आणि मावळपासून चिखली-मोशीपर्यंत जे जे मिसळलं ते त्याच्या ओंजळीत येतं. मधल्या पट्ट्यात एका काठावर पिंपरी-चिंचवड महापालिका, समोरच्या काठावर गावं आणि चाकणकडचा औद्योगिक पट्टा. एकाच पाण्याच्या दोन काठांचे कारभारी वेगळे. चाकणच्या बाजूच्या निघोजे बंधाऱ्यातून शहरासाठी पिण्याचं पाणीही उचललं जातं, त्यामुळे हा प्रश्न फक्त तीर्थाचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

अहवालात आम्ही कचराकुंड्यांची शिफारस मुद्दाम शेवटी ठेवली. पहिली शिफारस मावळातल्या प्रत्येक भाड्याच्या बंगल्याच्या आणि हॉटेलच्या सांडपाण्याची नोंद व्हावी ही, आणि दुसरी दोन्ही काठांचे नाले एकाच यंत्रणेने मोजावेत ही. पुढच्या तुकडीसाठी मॅडमनी तळेगाव ते मोशी हा पट्टा ठरवला आहे. प्रत्येक नाला नदीला मिळतो तिथे वर एक आणि खाली एक अशा बाटल्या भरायच्या, आणि तेही मार्चमध्ये, जेव्हा पाणी आणखी उतरलेलं असेल. मीही जाणार आहे.