बोलू द्या की वहिनींना!
आज आमच्या प्रभागात प्रचारफेरी आली. उमेदवार वहिनी, पण माइक यजमानांच्या हातात. पत्रकावर फोटो दोघांचे, त्यातही यजमानांचा मोठा! गटाराबद्दल विचारलं वहिनींना, उत्तर दिलं यजमानांनी. शेवटी शेजारच्या आजी कडाडल्या, "अरे बाबा, मत हिला द्यायचंय ना? मग बोलू दे की तिला!" सगळे खो खो हसले, आणि वहिनी बोलल्या. कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, सगळं तोंडपाठ. फार बरं वाटलं ऐकून.

७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे आरक्षण ५० टक्क्यांवर नेलं. ते नवऱ्यांनी भाषणं ठोकावीत म्हणून नव्हे. पुढच्या सदरात हेच लिहिणार आहे. तोवर, पक्ष कुठलाही असो, दारात आलेल्या उमेदवार बाईंनाच थेट प्रश्न विचारा.